नववा रकाना

दुपारी दोन ते साडेचार मी फोन लावते.
बाहेर पंचेचाळीस. आत कूलर,
कूलरपुढे श्रावणजी शिपाई, डोळे मिटून,
आणि माझ्यापुढे तक्ता, आठ रकान्यांचा:
नाव, वडिलांचं नाव, ट्रेड, टक्के,
प्रमाणपत्र दिल्याची तारीख, मोबाइल,
रुजू (होय किंवा नाही),
शेरा.
शेऱ्याची जागा बोटभर.
तिथं फार तर "निरंक" मावतं.

हर्षानंद गजभिये. फिटर. एक्क्याऐंशी टक्के.
उचलतो तेव्हा मागे हॉर्न, हॉर्नच्या मागे हॉर्न.
"लवकर बोला ना मॅडम, पार्सल थंडं होऊन रायलं."
लागला होता, बुटीबोरीला. अकरा दिवस.
पहिली पाळी सहाची,
आणि इंदोऱ्याहून पहिली बस निघते
तोवर गेटवर याच्या नावापुढे लाल रेघ.
"हात चांगला हाय म्हने साहेब.
हात चांगला असून का करू जी,
तो काय उडत जाते तिकडं?"
मी लिहिते: नाही.

डिंपल हेडाऊ, गोळीबार चौक. शिवणकाम, प्रगत.
"आपल्या सेंटरात पायाचं मशीन होतं ना मॅडम,
तिथं विजेचं. पाय ठेवला का झेपच घेते.
कॉलर राहिली बाजूला, मी बोटच शिवलं."
ती हसते. मीही हसते.
मग दोघी एकदमच थांबतो.
आमच्या सेंटरात विजेची मशिनं आहेत, चार.
उद्घाटनापासून प्लास्टिकमध्ये.
ते मी तिला सांगत नाही.
नाही.

पुढे तीन नंबर बंद.
एक चुकीचा, पण फार प्रेमळ;
कामठीचे कोणी आजोबा, त्यांनी माझीच नोकरी विचारली,
पक्की आहे का म्हणून.
अकरा महिन्यांची आहे, म्हटलं.

शबिस्ता अन्सारी. दुचाकी दुरुस्ती.
मागे पान्हा पडल्याचा आवाज.
"पहिला महिना लई वाईट गेला मॅडम.
गाडी तर डोळे मिटून खोलते मी,
पण बाथरूम एकच, अन् त्याले कडी नाही.
सकाळी नऊपासून घोटभर पाणी प्यायली नाही,
मे महिन्यात. चक्कर येऊन पडली एकदा
सायलेन्सरवरच."
मग?
"मग काय. पस्तीस रुपयांची कडी आणली,
ड्रिल तर हातातच असते.
होय लिहा."

मी होय लिहिते. दुपारचं पहिलं.
आणि पेन खाली ठेवत नाही.
आठव्या रकान्यापलीकडे, कागदाच्या अगदी कडेला,
पट्टी न लावता एक उभी रेघ ओढते.
वर लिहिते: काय अडलं?
बस. मशीन. कडी.
दुसऱ्या पानावर: बूट,
लोखंडी टोकाचे, पहिल्या पगाराच्या आधी विकत घ्यायचे.
पुन्हा बस. पुन्हा बस.

सोमवारी बैठकीत साहेब म्हणाले, टक्केवारी सांगा.
मी नववा रकाना वाचला.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला,
"हे सॉफ्टवेअर घेणार नाही," म्हणाले.
माहीत होतं.
जाताना मात्र दारात थबकून विचारलं,
"ती चार मशिनं... कुठल्या खोलीत आहेत?"
किल्ली शोधायलाच अर्धा तास गेला.
बसचं पत्र अजून टेबलावर आहे,
माझ्या बाटलीखाली, उडू नये म्हणून.

आज फोनला बसले तर कूलर बंद.
श्रावणजी जागे.
टोपी हातात घेऊन उभे राहिले
माझ्या टेबलाच्या त्या बाजूला,
जिथे मुलं उभी राहतात.
"आमच्या पोट्ट्याले कोनी फोन नाही केला जी.
वेल्डर हाय. दोन वर्षं झाले."
तुम्ही कधी बोललाच नाहीत, म्हटलं.
"रकाना नव्हता ना."

नंबर त्यांना पाठ होता.
एकेक आकडा सावकाश सांगत गेले.
मी पेन्सिलीला टोक काढलं
आणि रिंग वाजू दिली.